क्लस्टर लहान केला की झालं, असं नसतं

प्रिय,

तुझा ग्राफ बघितला. डिझेलमधलं गंधक काढणाऱ्या कॅटलिस्टमधला (उत्प्रेरकातला) मॉलिब्डेनम सल्फाइडचा क्लस्टर, म्हणजे नॅनोमीटरभराचा कण, जितका लहान तितकी अॅक्टिव्हिटी (काम करायचा वेग) जास्त, असं तू खाली लिहून मोकळं झालायस, पण जरा थांब. या सल्फाइडच्या थराचा मधला सपाट भाग जवळपास काहीच करत नाही, काम करतात त्या कडा. २००७ मध्ये डेन्मार्कमधल्या ग्रुपने सोन्यावर वाढवलेल्या त्रिकोणी क्लस्टरवर हायड्रोजन काढून बघितला तेव्हा अॅक्टिव्हिटी क्षेत्रफळाशी नाही, कडांच्या लांबीशी जुळली. फार सुंदर काम आहे ते, नीट वाच.

मग लहान केलं की कडा वाढणारच, हे खरंय, पण साधारण दीड नॅनोमीटरच्या खाली गेलं की त्रिकोणाची कडच बदलते, मॉलिब्डेनमची कड जाऊन गंधकाची येते, हे डेन्मार्कमधल्याच आर्हुसच्या लोकांनी एसटीएमखाली (एकेक अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) दाखवलंय, आणि डायबेन्झोथायोफीनसुद्धा (डिझेलमधलं गंधकवालं संयुग) अशा इवल्याशा क्लस्टरच्या कोपऱ्यांतल्या रिकाम्या जागांना खूप जास्त चिकटतं. म्हणजे लहान क्लस्टर हा मोठ्याचीच छोटी कॉपी नाही, तो वेगळाच पदार्थ धर.

आता सपोर्ट, म्हणजे क्लस्टर ज्यावर बसवतो तो पदार्थ, इथेच तुझी खरी गडबड आहे असं मला वाटतं. अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) मॉलिब्डेनमला ऑक्सिजनमधून घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे क्लस्टर बारीक राहतात पण सल्फायडिंग, म्हणजे ऑक्साइडचं सल्फाइड करणं, अर्धवट होतं, त्याला टाइप वन म्हणतात. ते बंध सुटले, पूर्ण सल्फाइड झालं की टाइप टू, कोबाल्ट घातलेल्या कॅटलिस्टमध्ये हाच जास्त अॅक्टिव्ह असतो, सायट्रिक अॅसिड किंवा एनटीए अशी धातूला धरणारी रसायनं घालतात ते त्याचसाठी. कार्बन सैल धरतो. तू सपोर्टही बदललास आणि साइझही बदलली, मग श्रेय कोणाला द्यायचं?

हे नुसतं पेपरापुरतं नाही रे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या वर चालत नाही, आधी ५० होतं, आणि शेवटी उरतात ते मिथाइलवाले हट्टी डायबेन्झोथायोफीन, तिथे प्रत्येक साइट मोजावी लागते.

तर एकच अॅल्युमिना, एकच लोडिंग (मॉलिब्डेनमचं प्रमाण) ठेव आणि फक्त सल्फायडिंगचं तापमान बदल. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) उभे थर रेघांसारखे दिसतात, आडवे पडलेले आणि अगदी बारीक निसटतात, त्यामुळे सरासरी साइझ खरीपेक्षा मोठी येते, तिच्यावर एकटीवर विसंबू नकोस. कडांच्या साइट मोजायला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) चिकटवून आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) घे. आणि एक्सपीएसला (क्ष-किरणांनी पृष्ठभाग तपासायच्या यंत्राला) नेताना सॅम्पलला हवा लागू देऊ नकोस, कडा सगळ्यात आधी ऑक्सिडाइज होतात.