‘कवडीमोल दर’ आणि कवडीचे मोल

विचारणा अशी आहे : ‘कांद्याला कवडीमोल दर’ ही शब्दयोजना बरोबर आहे का, आणि कवडी एके काळी चलन होती, तर ‘कवडीमोल’ला मातीमोलाचा अर्थ कसा चिकटला?

दुसरा प्रश्न आधी घेतो. कवडी चलन होती खरी, पण चलनाच्या उतरंडीत ती अगदी तळाला होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा (आता बांगलादेशात) महसूल कवड्यांत भरला जाई. तिथला हिशेब ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहन आणि ४ काहनांचा रुपया असा, म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या. तेव्हा कवडीमोलाने विकणे म्हणजे फुकट देणे नव्हे, तर ज्याच्याखाली दुसरे नाणेच नाही अशा नाण्याला देणे. त्याच्याही खालची पायरी दाखवायला मराठीने ‘फुटकी कवडी’ वेगळी राखून ठेवली आहे.

या कवड्या मुख्यतः मालदीवहून येत आणि तिथले लोक त्या देऊन बंगालचा तांदूळ घेत, असे प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकात नोंदवले आहे. जीवशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या जातीला दिलेल्या शास्त्रीय नावातला ‘मोनेटा’ म्हणजेही लॅटिनमध्ये नाणेच.

पुष्कळ जण कवडीला शिंपला म्हणतात, ते मात्र चूक. शिंपल्याला दोन झडपा असतात. कवडी हे समुद्री गोगलगायीचे एकसंध कवच. पालथी ठेवली तर गुळगुळीत फुगीर पाठ दिसते, उताणी केली की दोन्ही काठांना दाते असलेली अरुंद फट. प्राणी जिवंत असताना त्याचा मांसल पडदा दोन्ही बाजूंनी पाठीवर चढून ती झाकतो, म्हणून ही झिलई.

शब्द संस्कृत ‘कपर्द’, ‘कपर्दिका’ यांवरून आला. ‘कपाट’चे ‘कवाड’ झाले तसाच इथेही ‘प’चा ‘व’ झाला. ‘कपर्द’ म्हणजे जटाही, म्हणून शंकर ‘कपर्दी’.

आता ‘कवडीमोल दर’. ‘कवडी आहे मोल ज्याचे ते’ असा बहुव्रीही घेतला, तर हे विशेषण मालाला लागते, दराला नाही. मोल आणि दर एकत्र आले की द्विरुक्ती होते. बातम्यांत हा प्रयोग इतका रुळला आहे की त्याला अशुद्ध म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही, पण स्वतः लिहिताना ‘कांदा कवडीमोलाने गेला’ असेच लिहीन.