‘तो मुद्दामच लावतो गाडी!’

‘शेजारी मुद्दाम आमच्या फाटकासमोर गाडी लावतो. सांगून सांगून थकलो. आता तक्रार करावी, की घरच विकून टाकावं?’ समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेकदा तो पहिल्या वाक्यात येत नाही. माणसं येतात ती झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात चिडचिड वाढलीय असं सांगत. गाडी मागाहून निघते. अशाच एका जोडप्याची ही हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

आधी बाई एकट्या आल्या. “मॅडम, हे रात्री उठून खिडकीशी जाऊन उभे राहतात. गाडी आहे की गेली ते बघतात. मी विचारलं की माझ्यावरच ओरडतात.” घर एका खाजगी वसाहतीतलं, एकाला एक लागून बांधलेल्या घरांपैकी. आतले रस्ते अरुंद. शेजारी नव्याने राहायला आलेलं कुटुंब, दोन गाड्या आणि धंद्याची एक व्हॅन. त्यातली एक गाडी कायम यांच्या फाटकालगत. साहेब निवृत्त, आयुष्य हिशेब तपासण्यात गेलेलं. त्यामुळे त्यांनी वही घातली होती. तारीख, वेळ, नंबर, शिवाय मोबाइलमध्ये फोटो.

पुढच्या भेटीत साहेब ती वही घेऊनच आले. मी ती नीट वाचली. असे कागद समुपदेशकाने वरवर चाळून परत देऊ नयेत, कारण माणसाने आपला सगळा राग तिथे ओळीने मांडून ठेवलेला असतो. वाचताना लक्षात आलं, की गाडी बाहेर काढता आली नाही अशी नोंद क्वचितच होती. बाकी पानंच्या पानं नुसतं ‘गाडी उभी’.

“मग त्रास नक्की कधी होतो?” मी विचारलं.

ते भडकले. माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही, हेही म्हणून झालं. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ते राहायला आले त्या दिवशी त्यांच्या सामानाचा ट्रक उभा राहावा म्हणून मी माझी गाडी हलवली होती. एका शब्दाने विचारलं असतं, तर मी नाही म्हणणार होतो का?”

इतके दिवस वहीत न लिहिलेली नोंद ती हीच. जागेच्या भांडणात माणूस फुटांचा हिशेब मांडतो, पण बोचत असतं ते गृहीत धरलं जाणं.

पर्यावरणीय मानसशास्त्रात काम केलेल्या अर्विन ऑल्टमन यांनी माणसाच्या ताब्यातल्या जागांचे तीन प्रकार सांगितले. एक, पूर्ण आपली जागा, म्हणजे घर. दुसरी, सगळ्यांची, म्हणजे बाग किंवा रस्ता. आणि या दोहोंच्या मधली, जिथे आपला रोजचा वावर असतो पण मालकी स्पष्ट नसते. फाटकासमोरची पट्टी या मधल्या प्रकारात मोडते. घरात घुसायला कोणी धजत नाही, बागेतल्या बाकावर कोणी हक्क सांगत नाही. या मधल्या पट्टीवर मात्र दोघांनाही आपलंच खरं वाटतं, आणि दोघंही प्रामाणिकपणे.

ही ओढ किती आतली आहे, याची मजेशीर साक्ष 1997 साली प्रसिद्ध झालेल्या रुबॅक आणि जुएंग यांच्या अभ्यासात मिळते. वाहनतळावर दुसरी गाडी जागेसाठी ताटकळत असली, की निघणारा माणूस लवकर निघण्याऐवजी जास्त वेळ लावतो. हॉर्न वाजवला तर आणखीनच रेंगाळतो. जी जागा तो सोडूनच चाललाय, तिच्यासाठी हे! साहेब यावर पहिल्यांदा हसले. शेजाऱ्याला त्यांनीही खिडकीतून हॉर्नच वाजवला होता म्हणा ना: काचेवर चिठ्ठ्या, वसाहतीच्या ग्रुपवर फोटो.

मग घराची कागदपत्रं मागवली. हे माझं काम नाही, पण भावना कशावर उभी आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कागदांनुसार आतला रस्ता सगळ्यांचा सामायिक होता. यांना त्यावरून ये-जा करण्याचा हक्क होता, फाटकासमोरच्या जागेचा नव्हता. साहेबांचा चेहरा उतरला. लगेच उजळलाही, कारण त्याच कागदांत एक अट सापडली: धंद्याचं वाहन रात्री वसाहतीत उभं करायचं नाही. “आता बघतोच!” बाईंनी काही न बोलता पुढचं पान उलटलं. पुढच्या अंगणावर छप्पर घालायला मनाई. यांचं छप्पर बरंच जुनं होतं.

‘आम्हाला काय माहीत, आम्ही नंतर घर घेतलं’ हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या बागेवरून झालेल्या 1848 च्या टल्क विरुद्ध मॉक्सहे या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने ठरवलं, की जमिनीवरची अट ठाऊक असताना ती जमीन घेणाऱ्याला ती अट पाळावी लागते, मूळ करार त्याने केलेला नसला तरी. पुढे तिथल्या कायद्यात यावर बरीच भर पडली, आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे. अट कोणावर लागू आणि ती अमलात कोण आणू शकतो, हे वकिलाला दाखवूनच ठरवावं. माझं मत एवढंच, की सूड म्हणून उकरलेला नियम आपल्या अंगणापाशी येऊन थांबत नाही.

त्या भेटीत वही बंद करायला मी सांगितलं नाही. फक्त गाडी खरोखर अडली तरच लिहायचं, असं ठरलं. वही आपसूक ओस पडली. मग बोलण्याची तयारी. गाडी समोर उभी असताना बोलायचं नाही, ग्रुपवर तर नाहीच. आणि मागणी एकच, वेळेसकट: “सकाळी आठला मला गाडी वळवायची असते, तेवढ्यापुरती तुमची गाडी जरा पुढे घ्याल का?” सराव केला तेव्हा बाई शेजारी झाल्या. साहेबांचं पहिलं वाक्य होतं, “तुम्हाला काही समजतं की नाही?” बाई शेजाऱ्याच्या भूमिकेत इतक्या रंगल्या, की त्यांनाच आवरावं लागलं.

प्रत्यक्षात शेजारी म्हणाले, घर विकणाऱ्याने त्यांना ती जागा त्यांचीच म्हणून दाखवली होती. म्हणजे त्यांच्या लेखी अतिक्रमण साहेबांचं! लोकांच्या वागण्याचं कारण त्यांच्या स्वभावात आणि आपल्या वागण्याचं परिस्थितीत शोधायचं, ही आपली सगळ्यांचीच खोड. सकाळची वेळ ठरली आणि पाळलीही जाते. संध्याकाळी गाडी तिथेच असते. व्हॅनचा विषय वसाहतीच्या समितीकडे आहे, छपराचा अर्ज साहेबांनी स्वतःहून दिला. दोन्हींचा निर्णय अजून व्हायचा आहे.

घर विकण्याबद्दल विचारणाऱ्यांना मी घाई करू देत नाही. इंग्लंडमध्ये तर विक्रीच्या वेळी भरायच्या माहितीपत्रकात शेजाऱ्यांशी झालेले वादही विचारले जातात. लेखी तक्रार करण्याआधी तिथल्या लोकांना याचाही विचार करावा लागतो.

वरचं सगळं साध्या कुरबुरीसाठी. धमकी, गाडीची मोडतोड, पाठलाग किंवा रुग्णवाहिकेची वाट अडवणं सुरू असेल, तर गोड बोलण्याचे प्रयोग करत बसू नका. तिथे वहीतल्या नोंदी आणि फोटो उपयोगी पडतात. कॅमेरा लावलात तर तो आपल्या फाटकाकडे ठेवा, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. समितीला लेखी कळवा आणि पोलिसांकडे जा.