उड्डाणात आणीबाणी आली तर भरवसा ऑटोपायलटवर ठेवायचा की वैमानिकाच्या निर्णयावर?

ऑटोपायलट सेन्सरच्या आकड्यांवर चालतो. आकडे आपसात जुळेनासे झाले की तो स्वतःहून सुटतो, आणि विमान नेमक्या अवघड क्षणी वैमानिकाच्या हाती येतं.

एअर फ्रान्स ४४७ (१ जून २००९, एअरबस ए३३०) हेच दाखवतं. ३५,००० फुटांवर पिटो नळ्या (हवेतला वेग मोजणाऱ्या नळ्या) बर्फकणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलटसोबत स्टॉलपासूनचं (नाक फार वर गेल्याने पंखांची उचल कोसळण्यापासूनचं) संरक्षणही गेलं. आकडे मिनिटाभरात सुधारले, पण तोवर नाक वर ओढलं गेलं होतं. सुमारे ३८,००० फुटांवर विमान स्टॉल झालं. सगळ्यात घातक गोष्ट पुढे घडली: मोजलेला वेग ६० नॉटखाली (ताशी सुमारे १११ किमी) गेला की स्टॉलचा इशारा थांबायचा आणि नाक खाली घेतलं की पुन्हा वाजायचा. बरोबर कृतीलाच इशारा! २२८ जण गेले.

वेगाचे आकडे बिघडले की ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे धरायचं ते पडद्यावर सुचवणारी यंत्रणा) आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद करायचे, मग नाकाचा कोन आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) ठरलेल्या मापावर धरायचे. समतल उड्डाणात असाल तर दोन्ही आहेत तसेच ठेवा. वेगाच्या काट्यामागे धावू नका.

पण यंत्रणा शत्रू नाही. १५ जानेवारी २००९ ला यूएस एअरवेज १५४९ ची दोन्ही इंजिनं पक्ष्यांमुळे निकामी झाली. कॅप्टन सलेनबर्गरनी एपीयू (वीज पुरवणारं छोटं सहायक इंजिन) लगेच चालू केलं. चेकलिस्टमध्ये ती पायरी बरीच खाली होती. त्यामुळे वीज टिकली आणि हडसन नदीत उतरेपर्यंत संगणकाचं स्टॉल-संरक्षण चालू राहिलं.