केव्हमन कीनोमध्ये अंडी इतक्या वेळा फुटतात, तरी गुणक पदरात का पडत नाही?

केव्हमन कीनो हा मशीनवर पैसे लावून खेळायचा आकड्यांचा खेळ. त्यात असं होतं, कारण अंडी फुटतात तो डाव बहुतेक वेळा तुम्ही जिंकलेला नसतो. मशीन लबाडी करतंय का असं तुम्ही विचारलंय, पण यासाठी लबाडीची गरजच पडत नाही.

आधी नियम. ८० आकड्यांतून तुम्ही २ ते १० निवडता. तुम्ही न निवडलेल्या आकड्यांपैकी तिनांवर मशीन अंडी ठेवतं आणि मग २० आकडे काढतं. अंड्याचा आकडा निघाला की ते अंडं फुटलं. दोन अंडी फुटली तर जिंकलेली रक्कम काही पट होते (हाच गुणक), तिन्ही फुटली तर आणखी जास्त. एका अंड्याला काही नाही. किती पट ते पडद्यावर लिहिलेलं असतं. इथे हिशेबापुरतं दोनाला ४ पट आणि तिनाला १० पट धरतो.

नुसती अंडी पाहिली तर दोन फुटण्याची शक्यता १३.८८ टक्के, तिन्ही फुटण्याची १.३९. म्हणजे साडेसहा डावांत एकदा गुणक दिसतो. पण हरलेल्या डावात तो शून्यालाच गुणतो. पाच आकडे निवडले आणि तक्ता (तुमचे किती आकडे निघाले, म्हणजे लागले, तर किती पैसे याची यादी) तीन लागल्यापासून पैसे देत असेल, तर जिंकण्याची शक्यता जेमतेम ९.७ टक्के. जिंकणं आणि गुणक एकत्र येणं साधारण ८३ डावांत एकदा.

आता खरी गोम. सरासरी गुणक १.५४ पट निघतो, आणि बरेच जण साध्या तक्त्याला त्यानेच गुणतात. ते चूक आहे. आकडे २०च निघणार. त्यातले पाच तुमच्यावर पडले की बाकीच्या ७५ आकड्यांसाठी १५च उरतात आणि अंड्यांचा वाटा घटतो. पाचातले तीन लागले तर सरासरी गुणक १.४४, चार लागले तर १.३९, पाचही लागले तर १.३४. बक्षीस जितकं मोठं, तितका गुणक दुबळा! मला तर या खेळातली हीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

स्वतः पडताळायचं असेल तर पाच आकड्यांसाठी या शक्यता घ्या: तीन लागणं ८.३९ टक्के, चार १.२१ टक्के, पाच ०.०६४५ टक्के (१,५५१ डावांत एकदा). प्रत्येकीला तक्त्यातल्या रकमेने आणि वरच्या त्या-त्या गुणकाने गुणा, बेरीज करा, पैजेने भागा. हा झाला परतावा, म्हणजे लावलेल्या पैशातला सरासरी परत येणारा वाटा. किती आकडे निवडता त्यावर तक्ता बदलतो, तेव्हा हिशेब दर वेळी नव्याने मांडावा लागतो. कोणते आकडे निवडता याने मात्र काडीचाही फरक पडत नाही, मागच्या डावात काय निघालं यानेही नाही.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात अशा मशीनचा गणिती परतावा किमान ७५ टक्के असावा असा नियम आहे. तो पाळूनही शंभरामागे पंचवीस कापायची मुभा उरते, म्हणून गुणकाचा आकडा नंतर बघा, मूळ तक्ता आधी.