कंबरदुखीचा पेशंट तपासताना सुरुवातीला एवढंच कर

अरे, दहा-बारा टेस्ट पाठ करायच्या मागे लागू नकोस. आधी एसएलआर (स्ट्रेट लेग रेज, म्हणजे सरळ पाय उचलून बघायची टेस्ट) नीट जमू दे. पेशंट उताणा, गुडघा सरळ, पाय तू उचलायचास, अगदी सावकाश. ३० ते ७० अंशांत कळ गुडघ्याखाली उतरली तर पॉझिटिव्ह म्हण. नुसती मांडी मागून ताणली तर ते हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू. नवखे हमखास इथेच फसतात. चांगला पायही उचलून बघ. त्याने दुखऱ्या पायात कळ गेली तर डिस्क (मणक्यांमधली गादी) सरकल्याचा संशय चांगलाच बळावतो.

मग दोनच गोष्टी:
- पायाचा अंगठा वर ओढायची ताकद (मणक्यातून निघणारी एल५ नस)
- घोट्याचा रिफ्लेक्स (एस१ नस)

लघवी अडकतेय का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हे विचारायला लाजू नकोस. ‘हो’ म्हणाले तर टेस्ट तिथेच थांबव आणि ताबडतोब सीनियरला बोलाव.