वाचक विचारतात : अजिंठ्यापासून वारल्यांच्या कुडापर्यंत

अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर काढली की कोरड्या? आणि ती इतकी सोलवटलेली, पिवळट का दिसतात? (नाशिकहून एक वाचक)

कोरड्या. युरोपातल्या चर्चमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावत. चुना वाळताना दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्यात कोंडला जातो. अजिंठ्याचा गिलावा मातीचा आहे. लेणं कोरताना भिंतीवर छिन्नीचे घाव मुद्दाम खरबरीत ठेवले, म्हणजे मातीला पकड मिळते. त्यावर पहिला थर जाड : माती, दगडाचा चुरा, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे. दुसरा थर त्याहून बारीक मातीचा. मग पांढऱ्याचा अगदी पातळ हात. तो वाळला की गेरूने रेखाटन, मग रंग भरणं आणि शेवटी गडद रेषेने आकार पक्का करणं. रंग धरून ठेवायला सरस किंवा डिंकासारखं काहीतरी.

रंग बहुतेक आसपासचेच. गेरू, पिवळी माती, काजळी आणि दख्खनच्या काळ्या दगडात सापडणारं हिरवं खनिज. निळा मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा. एवढ्या लांबून आणलेला दगड कुटून तो कुठे वापरायचा, हे ठरवताना चित्रकाराने आणि दान देणाऱ्याने नक्कीच विचार केला असणार. निळा दिसला की तिथे थांबून बघा.

सोलवटण्याची कारणं याच रचनेत आहेत. डोंगरातून पाणी झिरपलं की माती फुगते, वाळली की आकसते आणि दगडापासून सुटते. थरातलं तूस आणि धागे किड्यांना खाद्य होतात. (वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे सापडले आहेत आणि तो जास्त टिकण्याचं ते एक कारण मानलं जातं.) पिवळेपणा मात्र माणसाने आणला. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश चढवलं. पुढे १९२० ते २२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यांनी सुटलेले तुकडे बसवले, कडा पक्क्या केल्या, पुष्कळ काही वाचवलं. पण वरून दिलेली लाख काळानुसार पिवळी-तपकिरी पडली आणि तिच्यावर धूळ बसली. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ती थोडी थोडी काढत आले आहेत. काम संथच चालणार, कारण जोर लागला तर लाखेबरोबर रंगही निघून येतो.

आम्ही एकाच दिवसासाठी अजिंठ्याला जाणार आहोत. निरनिराळ्या काळांतला फरक कुठे दिसेल? (कोल्हापूरहून एक वाचक)

सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि १ नंबरपासून सुरुवात करू नका. क्रमांक वाटेच्या क्रमाने दिले आहेत, वयाने नाहीत. आधी थेट १० नंबरला जा.

हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, इसवी सनापूर्वीचं. डाव्या भिंतीवर, बरंच पुसट झालेलं, एक दृश्य आहे : राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करतो आहे. बुद्ध स्वतः कुठेही नाही. त्या काळी त्याला माणसाच्या रूपात दाखवत नसत. झाड, स्तूप, चक्र यांनीच त्याचं असणं सांगायचं. पुरुषांच्या मुंडाशांच्या गाठी आणि जड दागिने पाहा. सांचीच्या शिल्पांतला पोशाख असाच आहे. आता मान वळवून खांब पाहा. तिथे उभे बुद्ध रंगवलेले आहेत, ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. एकाच दालनात, हाताच्या अंतरावर, मधे काही शतकं गेली आहेत आणि पूजेची रीतच बदलली आहे. अजिंठ्यात याहून शिकवणारी जागा मला माहीत नाही. (याच लेण्यातल्या एका खांबावर, लेणी पुन्हा उजेडात आणणारा इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. ती डोक्याच्या बरीच वर आहे, कारण तेव्हा लेणं राडारोड्याने भरलेलं होतं.)

त्यानंतर १६ आणि १७ पाहा. १६ नंबर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलं. १७ मध्ये जातककथा (बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी) भिंतभर पसरल्या आहेत. त्यांत राजवाडा, बाजार, हत्ती, दारू पिणारं जोडपं, सगळं येतं. धर्माची गोष्ट सांगताना चित्रकाराने आपल्या काळाचा संसार काढून ठेवला आहे. १ नंबर शेवटी ठेवा. गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात की दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी हा बोधिसत्त्व आहे : मान कललेली, पापण्या खाली, हातात निळं कमळ. आत गेल्यावर चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग छत पाहा, ते बहुतेक जण बघतच नाहीत. लहान दुर्बीण असेल तर फार उपयोग होतो. फ्लॅशला बंदी आहे.

घरात वारली चित्र काढलं. रेषा गुलाबी पडल्या आणि महिनाभरात पापुद्रे सुटले. काय चुकलं? (ठाण्याहून एक वाचक)

दोन वेगळ्या चुका आहेत. गुलाबी रेषेचं कारण खालचा गेरू : ओल्या कुंचल्याने तो सुटून पांढऱ्यात मिसळतो. गेरू कालवतानाच पाण्यात डिंक घाला, दोन पातळ हात द्या आणि पुरा एक दिवस वाळू द्या. तळवा टेकवल्यावर भिंत गार लागली तर ओल अजून आहे.

पापुद्रे रेषा जाड झाल्यामुळे सुटतात. तांदळाची पेस्ट ओली असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावरच पांढरी फटक होते. नवखा माणूस 'उमटलंच नाही' म्हणून पुन्हा गिरवतो. तसं करू नका, दहा मिनिटं थांबा.

प्रमाण असं धरा. वाटीभर तांदूळ सहा ते आठ तास भिजवून अगदी गंधासारखे बारीक वाटा आणि फडक्यातून गाळा. बाभळीच्या डिंकाची पूड एक चमचा, पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवा. अर्धी वाटी पेस्टला या डिंकाचं पाणी दोन चमचे. कोपऱ्यात एक रेषा ओढून वाळवा आणि बोट फिरवा : पांढरं बोटाला लागलं तर डिंक वाढवा, रेष चकाकून तडकली तर पाणी आणि पेस्ट वाढवा. लागेल तेवढंच रोज करा, दुसऱ्या दिवशी ते आंबतं. कुंचला म्हणून बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली.

भिंत प्लास्टिक इमल्शनची असेल तर हे सगळं व्यर्थ. ती पाणी शोषत नाही, रेषा नुसती वर बसते. तिथे सरळ पांढरा ॲक्रिलिक वापरा, त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवरही तांदूळ नको, बुरशी येते आणि मुंग्या लागतात. कारवीच्या कुडाला शेणमातीचा आणि गेरूचा हात देऊन त्यावर काढलेलं चित्र टिकावं अशी मुळात अपेक्षाच नसे. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवली जाई.

हॉलमध्ये लग्नाचा चौक काढावा का? (पुण्याहून एक वाचक)

माझ्या मते नको. चौक म्हणजे लग्नात भिंतीवर काढायची चौकट, ती सजावट नाही. लग्नघरात सवाष्णी तो काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते आणि त्या चौकटीत पालघट ही सुफलतेची देवी येते; शेजारच्या देवचौकात पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव. देवीला बोलावण्याची ती जागा आहे आणि त्या विधीवाचून ती चौकट रिकामी राहते. तारपा (भोपळ्याचं फुंकवाद्य) वाजवत केलेला नाच, भातलावणी, ताडाची झाडं काढा. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांना कागद-रंग दिले. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी याच रोजच्या विषयांना कागदावर आणि कापडावर आणलं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

वारलीत चेहरेच नसतात. मग सौंदर्य कुठे शोधायचं? (नागपूरहून एक वाचक)

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जिथे भेटतात, त्या कमरेत. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस वाकतो, जास्त कलला की धावतो. अजिंठ्याचा चित्रकार भाव पापणीत आणि बोटांत ठेवतो, वारली तो कलण्यात ठेवतो. तारप्याच्या नाचात तारपेवाला मधोमध असतो आणि माणसांची साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते. तिथे एकाचा चेहरा ठळक केला तर साखळी तुटते. काढून बघायचं असेल तर आधी गुंडाळी हलक्या रेषेने आखा, मग माणसं तिच्यावर बसवा, आणि प्रत्येकाची कंबर त्या रेषेवर येते की नाही ते तपासा. बहुतेकांची चूक तिथे होते : पाय रेषेवर ठेवतात, मग वळणावर माणसं एकमेकांवर आदळतात.