म्हशीला इंजेक्शन मारून काढलेलं दूध मुलीला द्यावं का?

तुम्ही विचारलंय की बेळगावात शहापूरला तुमच्याकडे रतिबाचं म्हशीचं दूध येतं, गवळी धारेआधी इंजेक्शन मारतो असं शेजारणीने सांगितलं, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि असल्या दुधाने मुली लवकर वयात येतात म्हणे, तर दूध तोडावं का?

त्या भीतीपोटी तोडू नका. पण गवळ्याला एवढं जरूर विचारा, की रेडकू कुठं आहे?

मी उचगावच्या पलीकडं, चंदगड हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात राहते. दावणीला चार म्हशी आहेत. ते इंजेक्शन मी माझ्या हाताने मारलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

औषधाचं नाव ऑक्सिटोसिन. हे काही बाहेरून आणलेलं विष नव्हे. रेडकाने कासेला ढुशी दिली की म्हशीच्या मेंदूतून हेच रक्तात उतरतं, कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात येतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. गाईच्या कासेत पान्ह्याआधीही खालच्या पोकळीत पाचवा हिस्सा दूध उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम शंभरात पाच. म्हणजे पान्हा नाही तर म्हशीची चरवी कोरडीच. शिवाय शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त, आणि डेअरी पैसे देते फॅटवर. या इंजेक्शनच्या बाटलीचा मोह कुठून येतो ते आता कळलं असेल.

आता मुलीचं. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. रक्तात ते काही मिनिटांत निम्म्यावर येतं, आणि दुधातून पोटात गेलंच तर इतर प्रथिनांसारखं पचून जातं. मुलींना वयात आणणारी संप्रेरकं वेगळी, हे त्यांतलं नव्हे. आठ वर्षांच्या आत एखाद्या मुलीत लक्षणं दिसली तर मात्र गवळ्याला दोष देत बसू नये, सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जावं.

मोबाईलवर जे ‘हार्मोनचं दूध’ फिरतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथं गाईचं दूध वाढवणाऱ्या एका वेगळ्याच संप्रेरकाला १९९३ साली परवानगी मिळाली. कॅनडाने ते १९९९ मध्ये नाकारलं, युरोपानेही बंदी घातली. कारण काय दिलं? गाईंना कासदाह होतो, पाय लंगडतात. तिथंसुद्धा मुद्दा जनावराचाच होता, पेल्यातल्या दुधाचा नव्हता.

माझी मोरी नावाची म्हैस दुसऱ्या वेताला व्याली, रेडा झाला. रेडकाला पोटभर पाजायचं तर दिवसाला दोन लिटर जातं, आणि डेअरीत तेव्हा लिटरला चाळीस-पंचेचाळीस मिळायचे. रेड्याला पुढे विचारतो कोण? मी त्याला मारलं नाही. पण चीक पुरता पाजला नाही, कासेखालून लवकर ओढलं आणि ऐन पावसात ओल्या पोत्यावर बांधलं. हगवण लागली, चौथ्या दिवशी गेलं. आमच्या भागात अशाच मरतात रेडकं, कुणी गळा दाबत नाही.

मग मोरी दूध चोरायला लागली. सड मऊच पडेनात. शेजाऱ्याने लेबल नसलेली प्लॅस्टिकची बाटली आणून दिली, म्हणाला, “मार की, सगळेच मारत्यात.” सुई मानेत टोचली आणि मिनिटभरात कास अशी सैल झाली की मला हसू फुटलं. साडेतीन लिटरवरून पाचावर गेली. तीन महिने दोन्ही वेळेला टोचत होते. मानेवर लिंबाएवढी गाठ आली, कारण सुई एकच, उकळायची कोण? नंतर नंतर तर बाटली संपली त्या दिवशी एक थेंब सोडायची नाही. पुढं पुढं सिरिंज दिसली की खुंट्याभोवती फिरायला लागायची, आणि घाबरलेलं जनावर पान्हा आणखीच ओढून घेतं.

गाठ दाखवायला सरकारी डॉक्टर आणले. धारवाडकडचे, मराठी जेमतेम. त्यांनी गाठीला हातही लावला नाही, आधी गोठ्यात इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, “करु येल्लैति?” वासरू कुठं आहे? मला कन्नड चांगलं येतं, तरी उत्तर आलं नाही.

सुई सोडवायला बारा-तेरा दिवस गेले. रोज तीच वेळ, तीच मी, अंगावर तीच जुनी साडी. कास कोमट पाण्याने शेकायची, पुढ्यात आंबोण ठेवायचं, सड दोन-तीन मिनिटं नुसते चोळत बसायचं. रेडकू ज्या पोत्यावर मेलं ते मी धुतलं नव्हतं, माळ्यावर टाकून दिलं होतं. एका सकाळी ते खाली काढून तिच्या तोंडापुढं धरलं. तिने नाकपुड्या फुगवून वास घेतला, घशातल्या घशात हुंकारली, आणि चरवीत आपसूक थेंब पडायला लागले. त्या दिवशी दोनच लिटर निघालं, पण सुईशिवाय.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात बाराव्या कलमात हे स्पष्ट आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला बाधेल असं काही टोचलं तर दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. त्याच कलमात ‘फुका’ही आहे, म्हणजे म्हशीच्या मायांगात फुंकर घालून पान्हा काढायची जुनी रीत. कलकत्त्याच्या गोठ्यांतले असले प्रकार कळल्यावर गांधीजींनी १९१२ मध्ये गाई-म्हशीचं दूध सोडलं होतं. १९२४ ला ते आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा ते शेळीचं दूध घेणारे होते. त्या अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपाशी गेलात की मुलीला हेही सांगा.

बाटलीवर सरसकट बंदी घालून काम होत नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. केंद्राने २०१८ च्या एप्रिलमध्ये खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी ते बनवायला मनाई करून बेंगळूरच्या एकाच सरकारी कंपनीवर भार टाकला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबरात तो आदेश रद्द केला. चिठ्ठीशिवाय विकायला मनाई होती आणि आहेच, पण लेबल नसलेल्या बाटलीला चिठ्ठी कोण मागतो?

दुधाचीच काळजी करायची असेल तर ती बुरशीची करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये देशभरच्या ६,४३२ नमुन्यांचा अहवाल दिला. भेसळीने धोकादायक ठरलेले निघाले १२. प्रतिजैविकं मर्यादेबाहेर होती ७७ नमुन्यांत, आणि बुरसलेल्या चाऱ्यातून दुधात उतरणारं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, ३६८ मध्ये. ते उकळून जात नाही. आपल्या पश्चिम भागात जूनपासून चार महिने कोपऱ्यातल्या सरकी पेंडीला आणि मक्याला बुरशी चढते, आणि पैसे दिलेली पेंड टाकायला जीव होत नाही. दगडी, म्हणजे कासदाह, झालेल्या म्हशीला औषध दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध ओतून द्यायचं असतं, तेही कितीजण ओततात कुणास ठाऊक.

तेव्हा एकदा पहाटे धारेच्या वेळी न सांगता गोठ्यावर जा. गवळी चिडला तर चिडू दे. रेडकू आईजवळ बांधलंय का, पेंडीच्या पोत्याला कुबट वास येतो का, म्हैस माणूस जवळ आल्यावर उभी राहते की खुंट्याभोवती फिरते, एवढं बघा. आणि रेडकू पाजतो म्हणून त्याने लिटरमागे दोन-चार रुपये वाढवून मागितले तर घासाघीस करू नका, ते पैसे खरंच जातात.

मोरी यंदा पुन्हा व्याली. पुन्हा रेडाच. डॉक्टर म्हणाले होते, शंभरात नव्वद पारड्या, म्हणजे मादी रेडकं, होतील अशी रेतनाची कांडी मिळते, पण ती महाग पडली म्हणून साधीच भरवली. एक सड त्याला सोडते. सासूबाई संध्याकाळी चरवीत डोकावतात आणि त्या सडाचं किती झालं असतं ते रोज विचारतात.